पहिली किक शेवटी

मंडळी, माझ्या वडिलांची बुलेट आमच्या फोंड्याच्या घरामागच्या गोठ्यात अकरा पावसाळे उभी होती. वडील जत्रेच्या नाटकांत पेटी वाजवायचे. डिचोली, सांगे, काणकोण, जिथे उत्सवाचं नाटक असेल तिथे मागच्या सीटवर पेटी बांधून जायचे आणि उजाडता उजाडता परतायचे. ते गेले, आणि गाडीला हात लावायचं कुणाच्याच मनात येईना. आईने तिच्यावर जुनी सतरंजी घातली, एवढंच.

गोव्यात अशा गाड्या पुष्कळ घरांत आहेत. नंबर ‘जीडी’ने सुरू होणारा, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते त्या काळातला, गाडी पडवीच्या कोपऱ्यात, वर माडाची चुडतं. एखाद्या रविवारी घरातल्या तरुण मुलाच्या मनात येतं, चालू करून बघूया. चार मित्र जमतात, नवा प्लग येतो आणि किक सुरू होते. तिथेच थांबा, एवढं सांगायला मी आज आलो आहे. उभ्या गाडीचं सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते त्या पहिल्या किकने.

हे मी एक गाडी घालवून शिकलो. माझ्या मामाची येझदी होती. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. अशा इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला वंगण मिळतं ते त्या मिश्रणातूनच. गाडी उभी, की बेअरिंग कोरडं. त्यात आपली हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि चार महिने भिंतींना ओल. बेअरिंगवर गंज चढला होता, क्रँकची सीलं वाळून कडक झाली होती. आम्ही ती उतारावरून ढकलून चालू केली. पांढऱ्या धुराचा लोट निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दहा मिनिटांत इंजिन जाम झालं. कडक झालेल्या सीलांतून हवा आत शिरली, की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून धरतो, हे मला नंतर कळलं. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद झालेला. त्या क्रँकसाठी मी पुढे दोन वर्षं हिंडलो. मामा मला कधी काही बोलला नाही. ते मला अजून लागतं.

म्हणून बुलेटच्या वेळी मी पहिले आठ दिवस किकला पाय लावला नाही. प्लग काढला आणि भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं करून थोडं आत सोडलं. रोज थोडं आणखी. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटल्या असतील, तर ते हळूहळू झिरपतं आणि त्यांना सोडवतं. नवव्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवलं. चाक अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा ऑइल सोडायचं आणि थांबायचं. माझं बाराव्या दिवशी सुटलं.

सायलेन्सरच्या तोंडात बॅटरी मारून बघा. माझ्या गाडीत कुंभारीण माशीने मातीची घरं केली होती. वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. त्या तोडून-जोडून वापरू नका, सबंध हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदला.

टाकीचं काम वेळ खातं. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, त्याचा चिकट थर बसतो. जेट पितळेचं असतं, त्यात स्टीलची तार घालू नका. भोक मोठं झालं, तर गाडी पुन्हा कधी नीट लागणार नाही. पेट्रोलमध्ये भिजवा आणि हवा मारा. टाकीतल्या गंजाला मी आपलं माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, विनेगर वापरलं. त्यात मूठभर नट टाकून टाकी हलवायची, तीन दिवस तशीच ठेवायची, मग सोडा विरघळवलेल्या पाण्याने धुवायची आणि उन्हात वाळवायची. वाळल्याबरोबर आतून ऑइलचा हात फिरवला नाही, तर तासाभरात नवा तांबूस गंज दिसतो. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. गाडी पुन्हा महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल, तर टाकी रिकामी करून ठेवा.

आता बुलेटची खास गोष्ट. जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी इंजिनाच्याच खोक्यात, मागच्या बाजूला असते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, की ते ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. तसंच चालू केलं तर सायलेन्सरमधून आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल आणि धूर बाहेर पडतो. मालक घाबरतो, रिंगा गेल्या म्हणतो आणि धड असलेलं इंजिन उघडायला लावतो. उघडायची काही गरज नसते. खालचे बोल्ट काढून सगळं ऑइल सोडा, नवं भरा. गाडी चालू झाल्यावर हेडकडे जाणाऱ्या पाइपचा बोल्ट किंचित सैल करून वर ऑइल पोचतं का, ते डोळ्यांनी बघा. नाही पोचलं, तर लगेच बंद.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडून फुंकर किंवा हवा मारू नका. पाण्याने ओलं करून पुसा, नाकावर मास्क ठेवा. टायरवर खाच दिसली, तरी रबर कडक झालेलं असतं. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तारीख वाचा आणि दोन्ही टायर बदला.

कागदपत्रांसाठी आरटीओत जावंच लागतं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीही आहे, पण तशी नोंदलेली गाडी रोज वापरता येत नाही. मला रोज वापरायची होती.

मग किक. त्याआधी प्लग बाहेर ठेवून वीस-पंचवीस वेळा किक फिरवली, आत साठलेलं डिझेल-ऑइल बाहेर पडेपर्यंत. क्लच दाबून प्लेटा सोडवल्या. ठिणगीसाठी करंट तोडणारे पॉइंट घासून साफ केले, प्लगवर करंट पाहिला, मगच प्लग बसवला. अँपिअरचा काटा मध्यावर आणला, डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर, दाबून पिस्टन किंचित पुढे नेला, लिव्हर सोडला आणि किक मारली. चौथ्या किकला लागली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि मागच्या दारात उभी राहिली. मी दोन मिनिटांनी बंद केली, कारण ऑइल बघायचं होतं. ती म्हणाली, “राहू दे ना थोडी चालू.”

गाडी आज बाहेर उभी आहे. इंजिन अजून गरम असेल, सायलेन्सरला हात लावू नका. ज्यांच्या घरी बुलेट आहे त्यांनी जवळ या, ते खालचे बोल्ट कुठे असतात ते दाखवतो.