शून्य रुपयांचं तिकीट

[दृश्य : एसटीची गाडी. वाहकाच्या हातात तिकीट मशीन.]

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना 2022 सालापासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. तरीही वाहक त्यांना तिकीट देतो. त्यावर रक्कम छापलेली असते : शून्य.

पैसेच घ्यायचे नाहीत, तर तिकीट कशाला? बिझनेस ॲनालिसिस शिकायला निघालेल्यानं इथून सुरुवात करावी. या सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं. कोण कुठून कुठे गेलं याची नोंदच नसेल, तर मागणी कशाच्या आधारावर करणार? आजोबांना ते तिकीट नसलं तरी चालेल, हिशेब विभागाला चालणार नाही. एका कागदाच्या तुकड्यामागे किती जणांची गरज उभी आहे ते शोधणं, हेच बीएचं, म्हणजे बिझनेस ॲनालिस्टचं, रोजचं काम.

[दृश्य : कोल्हापूर स्थानक. निपाणीची पाटी.]

17 मार्च 2023. महिलांना एसटीत निम्मं भाडं लागू झालं. ऐकायला एका ओळीचा नियम, पण तो मशीनमध्ये बसवायचा तर प्रश्न सुरू होतात. सत्तर वर्षांच्या आजींना ज्येष्ठ म्हणून निम्मी सवलत आधीच होती. आता दोन्ही सवलती मिळायच्या का? नाही, निम्मीच. आणि ऐंशीच्या आजी? त्यांना पूर्ण मोफत. कोल्हापूरहून निपाणीला निघालेल्या बाईंचं काय? सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. कागल मागे पडलं, कर्नाटक लागलं, की पुढचं भाडं पूर्ण. म्हणजे एकाच तिकिटाचा हिशेब दोन तुकड्यांत करावा लागतो.

आता लिब्रेऑफिसमधलं कॅल्क उघडा. एक्सेलसारखंच आहे, पैसे पडत नाहीत. वय, स्त्री की पुरुष, हद्दीच्या आत की बाहेर, असे रकाने करा. शेवटच्या रकान्यात भाडं. याला डिसिजन टेबल म्हणतात. जी ओळ भरताना हात अडतो, तिथे प्रश्न लिहून ठेवा. आरक्षण केलं तेव्हा वय चौऱ्याहत्तर, प्रवासाच्या दिवशी पंच्याहत्तर पूर्ण : कोणतं वय धरायचं? अशा अडलेल्या ओळी मला भरलेल्या ओळींपेक्षा मोलाच्या वाटतात.

तिकीट देण्याचे टप्पे बीपीएमएन पद्धतीच्या, म्हणजे कामाचे टप्पे ठरावीक चिन्हांनी दाखवणाऱ्या, आकृतीत मांडा. बीपीएमएन डॉट आयओवर ती ब्राउझरमध्येच फुकट काढता येते. स्क्रम म्हणजे छोट्या टप्प्यांत, संघानं मिळून काम करण्याची पद्धत; तिच्या स्क्रम गाइडची 2020 ची आवृत्ती मोफत आहे आणि एका बैठकीत वाचून होते. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर व्यवस्थापनाचे, डेटाचे अभ्यासक्रम विनाशुल्क आहेत; शुल्क लागतं ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. आयआयबीए ही या क्षेत्रातली जागतिक संस्था. तिचा बॅबॉक हा बिझनेस ॲनालिसिसचा मार्गदर्शक ग्रंथ जाडजूड आहे. सुरुवातीलाच त्याला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हाताशी एखादा तक्ता असला की त्यातल्या व्याख्या कळायला लागतात.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर शासन निर्णय.]

सरावाला विषय कमी पडत नाहीत. राज्याचे शासन निर्णय मराठीत, सरकारी संकेतस्थळावर, सगळ्यांसाठी खुले आहेत. शिष्यवृत्तीचा घ्या, रेशनचा घ्या. पात्रता, अपवाद, मुदत, कागदपत्रं, मंजुरी कोणाची : सगळं त्यात असतं, आणि काय राहून गेलंय तेही दिसतं. मुलाखतीला जाताना असे दोन तक्ते आणि एक आकृती सोबत न्या. समोरच्यानं एखाद्या ओळीवर बोट ठेवून “हे असंच का?” असं विचारलं, की तिथून बोलायला लागा.