आधी पडायला शिका: स्त्रिया आणि ऐकिदो

[दृश्य: सरावाच्या गाद्यांवर एकामागून एक कोलांटी घेत उभ्या राहणाऱ्या स्त्रिया. सुरुवातीला फक्त आवाज.]

ऐकिदो ही जपानी युद्धकला. तिच्या सरावाच्या जागेला दोजो म्हणतात. दोजोत नव्याने आलेल्या मुलीला आधी कुणाला पाडायला शिकवत नाहीत, तिला पडायला शिकवतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पुढे पडताना आधी हाताची कड टेकते, मग कोपर, मग खांदा. तिथून पाठीवरून तिरकं, पलीकडच्या कमरेपर्यंत लोळायचं आणि त्याच वेगात उभं राहायचं. याचं नाव उकेमी.

स्वसंरक्षणासाठी आलेल्या मुलीला हे सगळं उलटंच वाटतं. पण एरवी आपण पडतो कसे, ते आठवून पाहा. तळहात पुढे जातो आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ओल्या मोरीत पाय घसरला आणि हात मोडला, असं कुणी ना कुणी आपल्या प्रत्येकीच्या नात्यात असतं. उकेमीने ही तळहात टेकण्याची सवय सुटत जाते. व्यायामाचं म्हणाल, तर तासभर पुन्हापुन्हा जमिनीवर जाऊन उठत राहायचं आहे. मांड्या, पोट, कंबर आणि दम, सगळ्यांचा कस लागतो.

[दृश्य: जुन्या तोक्योची छायाचित्रं, मग रेखाटनं.]

ऐकिदोचे प्रवर्तक मोरिहेइ उएशिबा, जन्म १८८३, मृत्यू १९६९. त्यांनी १९३१ मध्ये तोक्योत कोबुकान दोजो सुरू केला. तिथली मेहनत इतकी कडक, की लोक त्याला 'नरक-दोजो' म्हणायचे. या दोजोत ताकाको कुनिगोशी ही चित्रकलेची विद्यार्थिनी पुरुषांबरोबर सराव करायची. १९३३ मध्ये उएशिबांचं 'बुदो रेन्शू' हे तंत्रांचं पुस्तक तयार झालं, त्यातली चित्रं कुनिगोशींच्या हातची आहेत. 'ऐकिदो' हे नाव रूढ झालं १९४२ च्या सुमारास. म्हणजे या विद्येला आजचं नाव मिळण्याआधीच एक स्त्री ती शिकत होती आणि कागदावर उतरवत होती. 'बायकांना हे झेपेल का?' असं कुणी विचारलं, की मी कुनिगोशींचं नाव सांगते.

[दृश्य: एका स्त्रीचं मनगट जोडीदाराने पकडलेलं. संथ गती.]

आता हे मनगट नीट पाहा. समोरच्याने ते घट्ट धरलंय. आपण हात मागे ओढतो, आणि तिथेच हरतो, कारण ओढाओढीत जास्त ताकदवान असेल तोच जिंकतो. ऐकिदोत हात ओढत नाहीत. कोपर खाली सोडायचं, पाऊल त्याच्या बाजूला सरकवायचं आणि कंबर फिरवायची. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला, आणि त्याचा तोल त्याच्या पायांवर राहिलेला नाही. या वळण्याला तेंकान म्हणतात. फुगडी खेळलेल्या बाईला हे चटकन कळतं: हातात हात असले, की एकीचा भार दुसरीला फिरवतो. पकड सोडवायची असेल, तर तिची फट शोधायची. ती अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवून हात बाहेर काढायचा.

मला ऐकिदोत मोलाची वाटते ती मात्रा, म्हणजे कुठे किती जोर लावायचा याचं प्रमाण. हात धरणारा दर वेळी अंधारातला अनोळखी माणूस नसतो. तो लग्नघरातला नातेवाईक असतो, ऑफिसातला सहकारी असतो. तिथे त्याचं नाक फोडायचं की गप्प बसायचं, एवढे दोनच मार्ग समोर असले, तर बहुतेक जणी गप्प बसतात. नुसतं सुटून बाजूला होणं, कोपर आणि मनगट धरून त्याला जमिनीवर दाबून ठेवणं, असे मधले टप्पे इथे अंगवळणी पडतात.

[दृश्य: सराव सुरू. जोड्या बदलतात.]

मात्र दोन दिवसांच्या शिबिरात हे येत नाही. बहुतेक दोजोंत स्पर्धा नसतात, हल्ला कोणता होणार ते आधी ठरलेलं असतं, आणि रस्त्यावर तसं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून वर्षानुवर्षं सराव असला, तरी आधी ओरडा, पळा, ११२ ला फोन लावा. गुडघे दुखत असतील, तर बसून करायचे प्रकार टाळा आणि तसं शिक्षकांना स्पष्ट सांगा.

नाव घालण्याआधी एक पूर्ण वर्ग बाजूला बसून पाहा. नव्या मुलींना उकेमी सावकाश शिकवतात का? जुने विद्यार्थी नव्यांबरोबर जोडी लावतात का? आणि सगळ्यात आधी हे पाहा: सांधा पिळला जाऊन दुखायला लागला, की विद्यार्थिनी गादीवर हाताने थाप मारते. थाप वाजली, की जोडीदाराने त्याच क्षणी सोडायचं, हा दोजोतला नियम आहे. जिथे थापेनंतरही हात सुटत नाही, तिथे प्रवेश घेऊ नका.