ओहोटीचे चार तास

[दृश्य: दापोली तालुक्यातला मुरूड-कर्दे किनारा, पहाटे साडेपाच. सुरूच्या बनातून वाळूवर येणारा लॅब्रेडोर. मागे दोन मुलं, एकाच्या काखेत फुटबॉल.]

मे महिना. मुंबई-पुण्याच्या गाड्या रात्रीच पोचल्या आहेत. माजघरात आंब्यांची आढी लागली आहे. आणि सकाळी डोळे उघडायच्या आत घरात तीन मागण्या उभ्या राहतात. कुत्र्याला फिरायचंय, पोरांना खेळायचंय, आणि कुणाला तरी खडकातले खेकडे बघायचेत. तिघांनाही जागा एकच लागते, ओल्या घट्ट वाळूचा पट्टा. तो दिवसातून दोनदा उघडा पडतो. ओहोटीच्या तळाआधी दोन तास आणि नंतर दोन तास.

हे चार तास काढायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज वैशाख वद्य द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारी दीडला आणि रात्री पावणेदोनच्या सुमाराला. भरतीपासून ओहोटीला सहा तासांवर थोडी मिनिटं लागतात, म्हणजे सकाळची ओहोटी सव्वासातच्या आसपास आणि संध्याकाळची पावणेआठला. कोकणात हा हिशोब पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायची, आणि खडकांवर जायचं असेल तर छापील भरतीचं कोष्टकही बघायचं. कारण कोष्टकात पाण्याची उंचीही असते. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एकीला पाणी खूप आत जातं, दुसरीला जेमतेम.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. पाणी खूप चढतं, तसंच खूप उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांग. तेव्हा पाणी ना धड चढत, ना धड उतरत. मुंबईत उधाणाच्या वेळी चढउतार साडेचार मीटरच्या घरात जातो. दक्षिणेला सरकाल तसा तो कमी होतो, गोव्यात निम्म्यावर येतो. त्यामुळे मुंबईच्या खडकांवर मिळालेला अंदाज इथे जसाच्या तसा वापरू नये. आणि अष्टमीला सुट्टी काढून खडक बघायला येणाऱ्यांना समुद्र काहीच दाखवत नाही, ही तक्रार समुद्राकडे करण्यात अर्थ नाही.

[दृश्य: कुत्र्याची जीभ, अगदी जवळून. मागे लाटांचा आवाज.]

पहिली पाळी कुत्र्याची. का, ते या जिभेवर दिसतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून, तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकतो. देशावरच्या कोरड्या हवेत हे जमतं. किनाऱ्यावर हवेतच इतकं पाणी असतं की जिभेवरचं पाणी उडत नाही. कुत्रा धापा टाकत राहतो आणि अंग काही निवत नाही. म्हणून नागपुरात चाळीस अंश सोसलेला कुत्रा इथे चौतीसमध्ये कोसळू शकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर सकाळी आठनंतर किनाऱ्यावर आणूच नये.

वाळू तापली का, ते हाताच्या उलट्या बाजूने बघायचं. कोरड्या वाळूवर हात टेकवून सात अंक मोजा. टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत.

सोबत गोडं पाणी हवं. दोन तासांच्या फेरीला तीसेक किलोच्या कुत्र्यामागे एक लिटर, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं. हे पाणी नसलं की तो समुद्राचं पितो. आणि नुसता तहानेने पितो असं नाही. पाण्यात पडलेला बॉल तोंडात धरून आणतो ना, त्या प्रत्येक खेपेला एक घोट खारं पाणी पोटात जातं. वीस खेपा झाल्या की पातळ जुलाब ठरलेले. त्याहून जास्त झालं तर उलट्या, झोकांड्या, झटके, आणि मग मामला गंभीर. म्हणून आणण्याचा खेळ दहा मिनिटांत आटपायचा, तोही वाळूवर.

[दृश्य: भरतीच्या रेघेवर पडलेला जाळ्याचा तुकडा, मेलेले मासे, एक फुगलेला केंड मासा.]

ही काळपट रेघ म्हणजे भरतीने आणून टाकलेला कचरा, आणि कुत्र्याच्या नाकाला ही मेजवानी. इथे साखळी सोडायची नाही. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या मोठ्या जाळ्यातून, किंवा साध्या जाळ्यातून फेकलेला केंड मासा मेला तरी त्याचं विष मरत नाही. ते उन्हाने जात नाही, शिजवूनही जात नाही. कुत्र्याने चघळला तर आधी पाय लुळे पडतात, मग श्वास. यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त श्वास चालू ठेवू शकतात, म्हणून एक मिनिटही घालवायचं नाही. शिंगाळा माशाचे काटे पंजात घुसतात, गळाचे हूक ओठात. हूक उलटा ओढू नका, त्याला आतून दाढ असते.

धाप थांबत नाही, जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटतायत, हा उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ते ४१च्या वर गेलं की आतले अवयव बिघडू लागतात. सावलीत न्या, विहिरीचं किंवा नळाचं साधं पाणी पोट, काखा, जांघा यांच्यावर ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. तो टॉवेल दोन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. तापमान ३९.५पर्यंत उतरलं की पाणी थांबवायचं, आणि कुत्रा उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. मूत्रपिंडाचं नुकसान दुसऱ्या दिवशी कळतं.

मांजर घरीच बरं.

[दृश्य: ओली वाळू, कॅमेरा जमिनीला टेकलेला. एका भोकाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी.]

सहा वाजलेत. पाणी खाली गेलंय आणि वाळूवर ही रांगोळी उमटायला लागली आहे. ती काढणारा खेकडा नखाएवढा. भोकातून बाहेर येतो, नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, कणांवरचा खाण्याजोगा थर चाखून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ढकलतो. भोकापासून सरळ रेषेत थोडं बाहेर जातो, परत येतो, मग दुसरी रेषा धरतो. म्हणून नक्षी चाकाच्या आऱ्यांसारखी दिसते. मधली एक वाट मोकळी असते. ती पळायची. आपली सावली पडली की सगळे खेकडे क्षणात आत. हलायचं नाही, बसून राहायचं. दोन-तीन मिनिटांत पहिला डोळा वर येतो.

खडकांकडे, म्हणजे हर्णैच्या बाजूला, ओहोटीच्या तळाआधी तास-दीड तास निघायचं आणि पाणी तळाला लागलं की परतीला लागायचं. बहुतेक लोक उलटं करतात. तळाला पोचतात, मग पुढे पुढे जातात, आणि भरती मागच्या खोलगट भागातून आधी आत येते. समोर पाणी लांब दिसतं आणि मागची वाट बुडालेली असते.

पायात पट्ट्याचे, जाड तळाचे सॅंडल. स्लिपर शेवाळावर निसटते आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी कापते. डबक्यात हात घालायच्या आधी नुसतं बघा. समुद्रफुलं, शंख घेऊन हिंडणारे खेकडे, खडकावर चादरीसारखे पसरलेले हिरवट-तपकिरी झोएंथिड, म्हणजे प्रवाळांच्या जातकुळीतले जीव. या झोएंथिडांवर पाय देऊ नका. ते जिवंत आहेत, आणि काहींच्या चिकट द्रवात विष असतं, डोळ्याला हात लागला तर आग होते. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख उचलायचा नाही. आतली गोगलगाय विषारी बाण मारते. दगड उलटला तर होता तसा परत ठेवा. खालच्या बाजूची अंडी उन्हात काही मिनिटांत सुकतात. आणि कुत्रा या भागात नकोच. त्याचे पंजे कापतात आणि बघायला आलेलं सगळं पळतं.

गुडघाभर पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूखाली पाकट मासा असेल तर धक्का लागून निघून जातं, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवायचा. वेदना बरीच उतरते. मग डॉक्टर. पाणी दुसऱ्याने हात घालून तपासायचं, ज्याला लागलंय त्याला त्या क्षणी भाजतंय हेही कळत नाही.

डॉल्फिनच्या फेऱ्यांबद्दल थोडक्यात. होडीवाल्याला पाठलाग करायला सांगू नका. इंजिन बंद करून थांबलेल्या होडीतून डॉल्फिन जास्त वेळ दिसतात.

[दृश्य: मर्यादवेलीच्या जांभळ्या फुलांमागे जाळीचं कुंपण. आत उपड्या टोपल्या.]

मर्यादवेल जिथे सुरू होते तिथे समुद्राची हद्द संपते, म्हणून तिचं हे नाव. आणि ऑलिव्ह रिडले कासवाची मादी घरटं करते ते साधारण या रेघेच्या आसपास. रात्री येते, दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस, त्यामुळे शेवटची पिल्लं अगदी मेपर्यंत निघतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संरक्षण सुरू केलं. मग आंजर्ले, केळशी, कोळथरे अशी गावं जोडली गेली. सकाळी मागावरून घरटं शोधतात, अंडी कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरतात, तारखेची पाटी लावतात, आणि दिवस भरत आले की वर टोपली ठेवतात.

कुंपण कशासाठी? पूर्वी माणसंही अंडी नेत. आता मुख्य शत्रू कोल्हा आणि कुत्रा. मोकाट कुत्रा तर आहेच, पण पुण्याहून आलेला, पट्टा घातलेला, लाडका कुत्राही दीड फूट वाळू उकरायला पाच मिनिटं घेत नाही. त्याच्या लेखी तो खेळ असतो. म्हणून मर्यादवेलीच्या वर साखळी हातात, आणि अंधार पडल्यावर कुत्रा किनाऱ्यावर नाही. पिल्लं सोडताना दोरीमागे उभं राहायचं, फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लू उजेडाकडे चालतं. समुद्रापेक्षा तुमचा मोबाइल उजळ असेल तर तुमच्याकडे येईल.

[दृश्य: संध्याकाळ, सव्वापाच. बांबूचे दोन गोल.]

फुटबॉल संध्याकाळी ठेवला, त्याला वाऱ्याचं कारण आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाण्यात गेलेला बॉल तो आत नेतो, आणि बॉलमागे पोहत जाणारा मुलगा पाय टेकेनासे झाल्यावर भानावर येतो. दुपारनंतर खारा वारा उलटा असतो, बॉल आपोआप किनाऱ्याला लागतो. तरी नियम एकच. बॉल कमरेच्या पुढे गेला की गेला. बॉल पाचशे रुपयांना मिळतो.

मैदान कुठे आखायचं? ओल्या वाळूवर पाय टाका. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट पडली तर जागा उत्तम. घट्ट बसलेले कण दाबाने एकमेकांपासून सरकतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. पांढरं न पडता पाऊल लदलदलं तर तिथे घोटा मुरगळणार. सकाळी जिथे गोळ्यांची रांगोळी दाट होती, ती जागा सोडून शंभर पावलं पुढे जा.

बीच सॉकरचं अधिकृत मैदान ३५ ते ३७ मीटर लांब, २६ ते २८ रुंद असतं. पाच-पाच खेळाडू, बारा मिनिटांचे तीन भाग, सगळे अनवाणी. घरच्या खेळाला २५ बाय १५ पावलं पुष्कळ. पण बारा मिनिटांचा नियम मोडू नका. वाळूत टाच खाली जाते, पोटरीवर नेहमीपेक्षा ताण येतो आणि विसाव्या मिनिटाला गोळे येतात. बॉलमध्ये हवा कमी हवी. गवतावर ०.६ ते १.१ वातावरण दाब चालतो, वाळूवर ०.४ ते ०.६. अंगठ्याने दाबला की थोडा आत जायला हवा. टणक बॉल अनवाणी पायाची बोटं मोडतो, आणि दुपारी गाडीत राहिलेला बॉल तर आणखी फुगलेला असतो.

चपलांचे गोल करू नका. कुत्रा आधी एक चप्पल नेतो, मग वाद होतो गोल झाला की नाही यावर. त्याला घरी ठेवा किंवा त्याला वेगळा, जाड रबराचा बॉल द्या. फुटबॉलचं फाटलेलं आवरण तो गिळतो आणि ते आतड्यात अडकतं. या महिन्यात तसंच अडकणारी दुसरी गोष्ट म्हणजे आंब्याची कोय. रस काढून झाला की कोयी झाकणाच्या बादलीत.

प्यायला एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. त्यात आमसुलाचं पाणी घातलं की पोरं मागून पितात.

[दृश्य: विहिरीचा कठडा, रात्रीचे आठ. बादली, बॉल, ओला कुत्रा.]

बॉल गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत सुकवायचा. मीठ राहिलं तर शिवण आखडते. पंपाची सुई घालताना तिला ग्लिसरीनचा थेंब लावायचा, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. कुत्र्यालाही तसंच धुवायचं, कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तिथेच गोचीड शोधायचे. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही, रॉकेल लावायचं नाही.

उद्या तृतीया. भरती सव्वादोनला, ओहोटी आठला. आठपर्यंत ऊन चढलेलं असेल. कुत्र्याला साडेपाचला काढा, साडेसहाला घरी आणून सोडा, आणि मग खडकांकडे निघा.