पांढरी पडणारी बोटं

[दृश्य: परभणी जिल्हा, कपाशीचं रान, सकाळ]

थंडीत परभणीचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. वेचणीला बायका उजाडताच रानात शिरतात. बोंडं दवानं ओली, त्यांच्या कडा बोटांना टोचणाऱ्या. अशा गारठ्यात एखादीची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. "थंडीनं होतंय," म्हणून ते अंगावर काढलं जातं. पुष्कळजणींचं खरोखर तेवढंच असतं. काहींच्या बाबतीत मात्र ती स्क्लेरोडर्माची पहिली खूण असते.

या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, कातडी जाड आणि ताठ होत जाते. भाकरी थापायला तळवा सपाट पसरावा लागतो, तोच पसरेनासा होतो. तोंड पुरतं उघडत नाही. बोटांच्या टोकांना झालेल्या जखमा लवकर भरत नाहीत. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार कितीतरी जास्त होतो, तोही बहुधा तिशी ते पन्नाशीत, घर आणि रान दोन्ही अंगावर असताना. त्यात कातडीवर काळे-पांढरे ठिपके उठले, की गावात महारोगाची कुजबुज सुरू होते. स्क्लेरोडर्मा कुणापासून कुणाला लागत नाही. तिच्या ताटात जेवा, तिच्या मांडीवर लेकरू द्या.

[दृश्य: संधिवाततज्ज्ञांची ओपीडी. हात जवळून]

इथली तपासणी सुरू होते ती डॉक्टरांच्या चिमटीपासून. बोटं, दंड, चेहरा, छाती, पोट, मांड्या, पावलं अशा 17 जागी ते कातडी उचलून पाहतात. सहज उचलली गेली तर शून्य, अजिबात हलत नसेल तर तीन. 51 पैकी किती, ते केसपेपरवर चढतं आणि पुढच्या खेपेला त्याच आकड्याशी ताडलं जातं. मग नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून केशवाहिन्या बघतात: कुठे फुगल्यात, कुठे दिसेनाशाच झाल्यात. जोडीला एएनए, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटली आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी.

"डॉक्टर, मला दम लागत नाही. मग छातीचा सीटी स्कॅन कशाला?"

"मावशी, दम लागायच्या आधीच बघायचंय."

फुप्फुसं आतून कडक होऊ लागतात तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. गेलेला श्वास परत मिळत नाही, पण मायकोफेनोलेट, निन्टेडॅनिब यांसारख्या औषधांनी पुढची हानी मंदावते. म्हणून ठरावीक अंतरानं फुंकायची तपासणी आणि हृदयाचा टू-डी इको. बोटांचं रक्ताभिसरण सुधारायला निफेडिपिन, घशाशी येणाऱ्या आम्लासाठी वेगळी गोळी, आखडलेल्या हातांना मेणाचा शेक आणि व्यायाम. एकाच आजाराची ही सगळी टोकं एका डॉक्टरच्या हातात असणं, हेच अशा ओपीडीचं मोल आहे.

[दृश्य: रेल्वे स्थानक, रात्र]

मराठवाड्यातून अनेकजण त्यासाठी देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठतात. मजुरी बुडते, सोबतीला कुणीतरी लागतं. तारीख हुकली की गावातच "सांधे दुखतात" म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात, आणि सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. स्क्लेरोडर्मात स्टेरॉइडचा मोठा डोस मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. रक्तदाब एकाएकी चढतो, डोकं ठणकतं, नजर अंधुक होते, लघवी कमी होते. वेळेत एसीई इनहिबिटर या रक्तदाब उतरवणाऱ्या गटातलं औषध मिळालं तर मूत्रपिंड वाचू शकतं. ही औषधं निघण्याआधी या टप्प्यावर बहुतेक रुग्ण दगावायचे.

औषध ठरवायला तज्ज्ञ लागतो. रक्तदाब मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोजता येतो. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत, कातडी झपाट्यानं आखडत असताना, तो वरचेवर मोजून वहीत लिहायला हवा. आकडा नेहमीपेक्षा अचानक वर गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. जाताना वही आणि जुने केसपेपर बरोबर घ्यायचे, आणि पोचल्यावर आधी आजाराचं नाव सांगायचं.