फुटाळ्याचं पाणी, १२ क्रेडिट

(दृश्य : नागपूरचा फुटाळा तलाव, उजाडायच्या आधी. कारंज्यांचे पाइप अंधारात. लांबून स्कूटरचा दिवा येतो.)

पहाटेचे पावणेसहा. फुटाळ्यावर या वेळी फिरायला आलेली चार-दोन माणसं, ताडपत्रीखाली झाकलेल्या हातगाड्या आणि ही मुलगी. ॲक्टिव्हा मैत्रिणीची. पाय ठेवायच्या जागी थर्माकोलचा डबा, डब्यात काचेच्या सहा बाटल्या.

(दृश्य : फक्त हात. बाटली पाण्याखाली जाते.)

३०० मिलिलिटरची बाटली ती तिरपी धरून पाण्याखाली नेते, सावकाश भरू देते आणि बूच पाण्यातच लावते. आत एक बुडबुडा राहिला तरी बाटली बाद. तिला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा आहे आणि बुडबुड्यातला ऑक्सिजन तलावाचा नसतो, हवेचा असतो. पहिल्या बाटलीत बुडबुडा राहिला. तिने ती ओतून टाकली, पुन्हा भरली. आम्ही ते फिल्ममधून कापलेलं नाही.

पहाटेच का, तर दिवसा उन्हावर शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे, जीवाणू, सगळे मिळून आहे तो वापरत राहतात. त्यामुळे सूर्य उगवायच्या तोंडावर पाणी सगळ्यात दमलेलं असतं. त्या घटकेला पाणी गाठायचं तर होस्टेलच्या वॉचमनला उठवावं लागतं, आणि ते सोपं नाही असं ती म्हणते.

काठावर बसलेल्या काकांनी विचारलं, "पाण्यात काय पाहून राहिली बाई?"

"ऑक्सिजन, काका."

"हाय का मंग?"

"दुपारी समजन."

(दृश्य : उजाडलं. पाण्यावर पक्षी. निवेदन नाही, १५ सेकंद.)

ही मुलगी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून नागपूरला आली. बी.एस्सी., तिसरं वर्ष, मेजर, म्हणजे मुख्य विषय, प्राणिशास्त्र. तलावाचं काम सुरू झालं ते पाचव्या सत्रातला फील्ड प्रोजेक्ट म्हणून. क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या कामाचं माप, २. अशा कामात एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ६० तासांत विषय संपायला हवा होता. प्रोजेक्ट जमा झाला, क्रेडिटही मिळाले. ती अजून तलावावर येते.

तिला चौथं वर्ष करायचं आहे. ऑनर्स विथ रिसर्च.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. बोट खाली सरकतं. क्रेडिटची यादी.)

ही क्रेडिटची पासबुक. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ पासून सुरू झालेली. प्रत्येक विद्यार्थ्याचं १२ अंकी खातं. मिळवलेले क्रेडिट त्यात जमा होतात आणि सहसा ७ वर्षं चालतात. यादीतली नावं कँटीनमध्ये पोरं एका दमात म्हणतात : मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, एफपी, सीईपी, ओजेटी. पूर्ण रूपं विचारा, निम्म्यावर अडतात. आम्हीही अडलो.

हिशेब मात्र सरळ आहे. राज्याच्या रचनेत वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट. एका वर्षावर थांबलात तर प्रमाणपत्र, दोनवर पदविका, आणि दोन्ही वेळा ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम वेगळं. तीन वर्षं पूर्ण केली, किमान १२० क्रेडिट झाले, तर नेहमीची पदवी. चौथं वर्ष, किमान १६० क्रेडिट, म्हणजे ऑनर्स. त्यातही दोन वाटा. एकीत जास्तीचे पेपर आणि साधा ऑनर्स. दुसरीत मार्गदर्शकाच्या हाताखाली १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, आणि पदवीवर 'विथ रिसर्च' हे दोन शब्द.

(दृश्य : सिव्हिल लाइन्स. जुनी दगडी इमारत, कमानी, व्हरांडा. सायकलींची रांग.)

या शहराला पदवीचे नियम बदलायची सवय आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं, आणि विज्ञानाचं व्हिक्टोरिया कॉलेज १९०६ चं. पण विद्यापीठ नव्हतं. इथल्या पोरांच्या पदव्यांवर आधी कलकत्त्याची मोहोर उमटायची, नंतर अलाहाबादची. परीक्षेचे नियम ठरायचे शेकडो मैलांवर, अभ्यास चालायचा सीताबर्डीच्या आसपास कंदिलाच्या उजेडात. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ आलं. २००५ मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडे गेले, उरले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया.

(दृश्य : कमानीतून आत. लाकडी जिना. कठड्यावर हातांनी आलेली चमक.)

या जिन्यावरून दोन वर्षांची पदवी गेली, तीन वर्षांची आली, वार्षिक परीक्षा गेली, सेमिस्टर आलं. चार वर्षांची पदवी दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये आणली होती आणि वर्षभरात गुंडाळली. मग जुलै २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा आराखडा डिसेंबर २०२२ चा. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून सुरुवात केली, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी. हिचं कॉलेज स्वायत्त. म्हणजे नव्या कापडाची पहिली घडी हिच्याच अंगावर मोडली.

(दृश्य : प्रयोगशाळा. काचेचं कपाट, पिवळी पडलेली लेबलं. ती ॲप्रन चढवते.)

आता या बाटल्या बघा. काठावरच तिने त्यांत दोन द्रावणं सोडली होती, एक मँगनीज सल्फेटचं, दुसरं अल्कधर्मी आयोडाइडचं. बाटलीत ऑक्सिजन असला तर तपकिरी साका धरतो. नसला तर साका पांढराच राहतो. ही विंकलरची पद्धत, १८८८ ची. मॉरिस कॉलेजला तेव्हा तीन वर्षं झाली होती. आज हे मोजायला मीटर मिळतो, पाण्यात कांडी बुडवायची की आकडा हजर. विभागाच्या मीटरची कांडी सध्या बिघडलेली आहे. खरं सांगायचं तर आमच्या दृष्टीने बरंच झालं, कांडीत बघण्यासारखं काय असतं?

(दृश्य : जवळून. तपकिरी साका. पिपेटमधून आम्ल. साका विरघळतो, पाणी सोनेरी.)

सल्फ्युरिक आम्ल पडलं की साका विरघळतो आणि पाणी चहासारखं सोनेरी होतं. तो रंग आयोडिनचा. जितका ऑक्सिजन, तितकं आयोडिन. आता ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, थायोसल्फेट, थेंब थेंब. रंग उतरत उतरत गवतासारखा फिका झाला की ती स्टार्च घालते, आणि सगळं एकदम निळं.

(दृश्य : निळा फ्लास्क. थेंब. थेंब. निवेदन थांबतं, २५ सेकंद. निळा रंग जातो.)

२०० मिलिलिटर पाणी आणि ०.०२५ नॉर्मल ताकदीचं थायोसल्फेट घेतलं की गणित तोंडावर येतं : ब्युरेटमधला १ मिलिलिटर म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन. एक थेंब जास्त पडला तर आकडा चुकला. पुन्हा नवा नमुना. त्यासाठीच प्रत्येक जागेच्या दोन-दोन बाटल्या.

विभागातल्या मॅडम मागे येऊन उभ्या राहतात. वहीत डोकावतात.

"दोन बाटल्यांत इतका फरक? कोणती खरी?"

"दुसरी, मॅडम. पहिलीत बुडबुडा असेल."

"असेल, की होता?"

ती गप्प. मग पहिल्या आकड्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करते. खोडत नाही.

आमच्या मते संशोधनाची पात्रता या टेबलावर दिसली. नियमात ती दुसरीकडे मोजतात.

(दृश्य : गुणपत्रिका, एकापुढे एक पाच.)

ऑनर्स विथ रिसर्चसाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. सहा सत्रं, म्हणजे पहिलंही धरून. गावच्या ज्युनियर कॉलेजात पुस्तक इंग्रजी होतं, पण सर शिकवायचे मराठीतून. इथे पहिल्या महिन्यात तिला समजलं नाही की 'एक्सक्रीशन' आणि 'सिक्रीशन' हे दोन वेगळे शब्द आहेत. तिची सत्रं अशी : ५८, ६८, ७६, ७९, ८२. चढण कुणालाही दिसेल. सरासरीला चढण दिसत नाही. सगळ्या सत्रांचं वजन सारखं धरलं तर सहाव्यात तिला ८७ हवेत. पहिल्या सत्रात ५८ च्या जागी ७० असते तर ७५ पुरले असते.

हा आकडा तिने स्वतः काढून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. तारखेसकट.

(दृश्य : विभागाचं दार. प्राध्यापकांच्या नावांचा फलक. काही पट्ट्या आहेत, काही जागी नुसते स्क्रू.)

दुसरी अट मुलीची नाही, विभागाची आहे. संशोधनाचं चौथं वर्ष चालवायचं तर पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, शिवाय ग्रंथालय आणि प्रयोगशाळा. या फलकावर स्क्रू मोजा. निवृत्त झालेल्यांच्या पट्ट्या निघाल्या, जागा भरल्या गेल्या नाहीत. वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या सरांमुळे. तेही पीएच.डी. झालेले, पण कायम नाहीत, म्हणून या मोजणीत बसत नाहीत. सध्या इथे मार्गदर्शक दोनच, मॅडम आणि शेजारच्या खोलीतले सर. सरांच्या निवृत्तीची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेली आहे.

संशोधनाचं चौथं वर्ष मिळालं तर पुढे एम.एस्सी. एका वर्षाची, आणि चार वर्षांत ७५ टक्के राखले तर थेट पीएच.डी.ची दारं उघडतात. नाही मिळालं तर साधा ऑनर्स आहे किंवा तिसऱ्या वर्षाची पदवी घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. आहेच.

(दृश्य : दुपार. फुटाळ्यावर ऊन. गाड्या उघडल्या आहेत, चण्यांचा धूर.)

दुपारचे तीन. तीच जागा, तोच पश्चिम काठ. सकाळचे काका नाहीत, पण त्यांच्या बाकावर दोन कॉलेजकुमार सेल्फी काढतायत. ती त्यांना थोडं सरकायला सांगते, वाकते, बाटली तिरपी करते.

(दृश्य : बाटली वर येते. ती उजेडासमोर धरून फिरवते. एकदा, पुन्हा एकदा.)

बुडबुडा नाही.

(दृश्य : बाटलीवर चिकटपट्टी, त्यावर पेनाने : 'फुटाळा, पश्चिम, दु. ३:१०'. ॲक्टिव्हा सुरू होते. थर्माकोलच्या डब्यात काचेचा आवाज.)