पाकटीचा काटा, न्यूटची कातडी

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्या-वाशीच्या मासळीबाजारात येणारी पाकट आपल्या ओळखीची. आज तिच्याशेजारी दार्जिलिंगच्या डोंगरातला एक जीव ठेवून पाहू: हिमालयन न्यूट, शास्त्रीय नाव टायलोटोट्रायटन हिमालयानस. बेडकाचा नातलग, पण शेपटीवाला.

पाकटींतली एक छोटी जात घेऊ, ब्रेव्हिट्रायगॉन इम्ब्रिकाटा. अंगाचा पसारा जेमतेम वीतभर, सांगाडा सगळा कूर्चेचा. चिखलात रुतून बसते तेव्हा तोंड आणि कल्ल्यांच्या फटी पोटाखाली दबतात. मग डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून ती वरचं स्वच्छ पाणी आत ओढते. न्यूटच्या पिल्लाचे कल्ले मात्र मानेशी, पिसांसारखे बाहेर असतात. मोठेपणी ते जातात आणि श्वास फुप्फुसं व ओल्या कातडीवर चालतो. हीच कातडी खाऱ्या पाण्यात घातक ठरते, मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं. पाकट रक्तात युरिया साठवून समुद्राच्या खारेपणाशी बरोबरी साधते. शिळ्या पाकटीला अमोनियाचा वास येतो तो याच युरियामुळे. असा वास आला तर घेऊच नका, मसाल्याने तो झाकत नाही.

विष दोघांकडेही आहे. न्यूटचं कातडीतल्या ग्रंथींत. त्याला दात लावणाऱ्याला त्रास होतो, तो स्वतः टोचत नाही. हात लागलाच तर डोळे चोळू नका, हात साबणाने धुवा.

पाकटीचं तसं नाही. शेपटीवरच्या काट्याला दोन्ही कडांना उलटे दाते असतात आणि खाचांत विषारी पेशी. पाय वर पडला की शेपटी उसळते. म्हणून उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, चिखलात घासत पुढे न्या, ती आधीच सरकते. टोचलीच तर जखम धुवा, रक्त थांबवा आणि पाय सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवा. उष्णतेने वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते न दुखणाऱ्या पायाने किंवा हाताने तपासा, कारण ठणकणाऱ्या पायाला चटका कळत नाही. मग दवाखाना गाठाच: आत तुटलेला तुकडा राहिला तर जखम चिघळते, आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागू शकतं. काटा छातीत वा पोटात घुसला असेल तर ओढून काढू नका, तसाच ठेवून रुग्णालयात न्या.

मेलेल्या पाकटीचा काटाही टोचतो. शेपटीसकट मिळाली तर ती कोळणीकडूनच छाटून घ्या.