सफ्रेज : मतपेटीपासून मृतांसाठीच्या प्रार्थनेपर्यंत

नमस्कार. माझ्या डाव्या तर्जनीवर मतदानाची शाई अजून आहे. नख वाढत गेले तशी ती रेघ टोकाकडे सरकली आहे. मागे रामकुंडावर एक कुटुंब आपल्या गेलेल्या माणसासाठी पिंडदान करीत आहे. या दोन गोष्टी मी एकत्र दाखवतो आहे, कारण इंग्रजीतील 'सफ्रेज' या एकाच शब्दात मतदानही आहे आणि मृतांसाठी केलेली प्रार्थनाही.

मूळ लॅटिन शब्द 'सुफ्रागियुम', म्हणजे मत. रोममध्ये ते पूर्वी तोंडी सांगावे लागे, इ.स.पू. 139 च्या कायद्याने निवडणुकीत ते पाटीवर लिहून देण्याची सोय झाली आणि बड्या माणसांच्या देखत मत उघड करण्याची वेळ टळली. पुढे सम्राटांच्या काळात निवडणुकांत राम उरला नाही, तेव्हा एखाद्याला पद मिळावे म्हणून वजनदार माणसाने केलेल्या शिफारशीला, इतकेच नव्हे तर त्यासाठी मोजलेल्या पैशालाही हाच शब्द लागू लागला. मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपणही म्हणतोच, 'साहेबांकडे जरा माझ्यासाठी शब्द टाका.' संतांनी देवापाशी भक्तासाठी टाकलेला शब्द, आणि जिवंतांनी मृतात्म्यांच्या सुटकेसाठी टाकलेला शब्द, यांनाही चर्चने हेच नाव दिले. कॅथलिक कुटुंबे 2 नोव्हेंबरला आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतात, ती याच अर्थाने.

इंग्रजीत हा प्रार्थनेचा अर्थ आधी रुळला, मताचा नंतर. 1787 च्या अमेरिकी संविधानात सिनेटमधील राज्यांच्या समान मताला 'सफ्रेज' म्हटले आहे. 1906 मध्ये लंडनच्या 'डेली मेल'ने मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांना हिणवण्यासाठी 'सफ्रजेट' हा शब्द काढला आणि त्या स्त्रियांनी तो अभिमानाने मिरवला. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 326 मधील 'ॲडल्ट सफ्रेज'ला मराठीत प्रौढ मताधिकार म्हणतात. त्यातील वयाची अट 61 व्या दुरुस्तीने 21 वरून 18 वर आली.

'मताधिकार' या शब्दात प्रार्थनेचा मागमूस नाही. 'कौल' या शब्दात मात्र देऊळ आणि मतदान दोन्ही आहेत : कोकणात मूर्तीला पाकळ्या लावून देवाचा कौल घेतात, आणि मतमोजणीच्या सकाळी इथे पंचवटीत चहाच्या टपरीवर माणसे एकमेकांना विचारतात, 'कौल कोणाला?'